आधी सेव्ह, मग गेम: जुन्या कॅसेटमधला डेटा कॉम्प्युटरवर घेताना

२०१४ च्या मे महिन्यात मी माझ्या पोकेमॉन रेडच्या कॅसेटचा सेल बदलला. कॅसेट उघडली, जुन्या सेलचं सोल्डर सोडवलं, नवा सेल बसवला, गेमबॉय चालू केला. पडद्यावर 'न्यू गेम' आणि 'ऑप्शन' एवढ्या दोनच ओळी आल्या. 'कंटिन्यू' नव्हतं. सहावीपासून नववीपर्यंत जमवलेलं सगळं तेवढ्यात गेलं होतं. काढलेला सेल मीटरवर लावून बघितला तर २.८ व्होल्ट. म्हणजे सेल मेला नव्हता. त्यानं तेरा वर्षं धरून ठेवलेलं मी माझ्या हातानं सोडून दिलं होतं.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. जुनी कॅसेट सापडली की ती उघडू नका, सेल बदलू नका, चालतेय का बघायला खेळूही नका. आधी सेव्ह, म्हणजे तुम्ही खेळून साठवलेली प्रगती, कॉम्प्युटरवर घ्या. मग गेम घ्या. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ त्यानंतर.

हा क्रम का, ते आमच्या सोलापूरच्या भाषेत सांगते. माझे बाबा चादरीच्या डिझाइनची जकार्डची कार्डं पंच करायचे. ग्राफच्या कागदावर फूल काढलेलं असायचं, त्यातल्या एकेका ओळीचं एकेक कार्ड. जिथं भोक तिथं धागा उचलला जातो, जिथं भोक नाही तिथं खाली राहतो. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून मागावर चढवली की चादरीत मोर उतरतो. गेम ज्या चिपमध्ये असतो ती कॅसेटमधली रॉम अगदी तशीच आहे. कारखान्यात एकदा भोकं पडली की पडली, वीज असो नसो, ती बुजत नाहीत. त्याच गेमच्या लाखो कॅसेटमध्ये तीच कार्डं.

सेव्ह मात्र वेगळी. ती रॅममध्ये असते, आणि रॅममधलं लिहिलेलं टिकवायला सतत थोडी वीज लागते. ओंजळीत धरलेल्या पाण्यासारखं ते असतं. बटणासारखा तो छोटा सेल म्हणजे ओंजळ. अशा रॅमला डेटा धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट पुरतात, त्यामुळे ३ व्होल्टचा सेल वर्षानुवर्षं पुरतो, पण एक दिवस संपतोच. गेम जगात कुठंतरी शिल्लक राहील. तुमच्या भावानं आठवीत ठेवलेली नावं फक्त त्या एका कॅसेटमध्ये आहेत.

तुमच्याकडं नेमकं काय आहे

आपल्याकडच्या घरात दोन जातीच्या कॅसेट निघतात. पहिली जात सगळ्यांच्या ओळखीची: १९९० च्या दशकात समुराई, मीडिया अशा नावांनी मिळायचे त्या व्हिडिओ गेमची. पिवळी, काळी नाहीतर राखाडी, तळहाताएवढी, खाली ६० पिनांची पट्टी. ही यंत्रं म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. खरा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. अमेरिकेत तोच एनईएस या नावानं आला तेव्हा त्याच्या कॅसेटला ७२ पिना केल्या, त्यामुळे तिकडचं साहित्य मागवताना ६० की ७२ हे आधी बघायचं.

या जातीत सेल जवळजवळ कधीच नसतो. माझ्या मामाचं अशोक चौकाजवळ तासावर व्हिडिओ गेम खेळायला द्यायचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा एका सुतळीच्या पोत्यात ४१ कॅसेट निघाल्या. त्यातल्या एकीतही सेल नव्हता. अशा कॅसेटला घाई नसते, सावकाश करा.

दुसरी जात निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेमबॉय, गेमबॉय कलर आणि गेमबॉय ॲडव्हान्सची. ही कुणीतरी बाहेरून आणलेली असायची. आमच्याकडं मस्कतच्या मावशीनं २००१ मध्ये एक गेमबॉय कलर आणि दोन कॅसेट पाठवल्या. लाल माझी, निळी दादाची. यात बरेचदा सेल असतो आणि घाई इथंच आहे. त्यातही पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल असेल तर आजच बसा, कारण त्या कॅसेटमध्ये सेल सेव्हबरोबर घड्याळही चालवतो आणि लवकर संपतो. ॲडव्हान्सच्या रुबी, सफायरमध्ये उलट आहे. तिथं सेव्ह फ्लॅश चिपमध्ये असते, जिला लिहिलेलं टिकवायला वीज लागत नाही, आणि सेल फक्त घड्याळाला. सेल संपला तर घड्याळ थांबतं, सेव्ह राहते. पण बाजारात मिळणाऱ्या नकली ॲडव्हान्स कॅसेटमध्ये बरेचदा सेव्ह रॅममध्येच ठेवलेली असते, म्हणून खात्री नसेल तर सेलवाली समजूनच वागा.

साफ करणं

लहानपणी आपण सगळ्यांनी फुंकर मारली आहे. आता मारू नका. फुंकरीबरोबर ओल जाते आणि पट्ट्यांवर गंज धरतो. तेव्हा गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, पिना पुन्हा घासल्या जायच्या म्हणून.

मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्या पेठेत सहज मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. कान साफ करायची कापसाची काडी त्यात भिजवून झटका, आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनं पुसा, आडवं नको. काडी काळी होत राहील तोवर नवी घ्यायची. मामाच्या एका कॅसेटला मला अकरा काड्या लागल्या. आमच्या पूर्व भागात हवेतच सुताची बारीक धूळ असते, ती तेलकट होऊन पट्ट्यांवर बसते आणि नुसत्या कोरड्या फडक्यानं हलत नाही. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. खोडरबरसुद्धा मी अगदी शेवटचा उपाय म्हणून, एकदाच आणि हलक्या हातानं वापरते.

लेबलला अल्कोहोल लागू देऊ नका, शाई उतरते. साफ करण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. पूर्ण वाळायला दहा मिनिटं द्या, मेमध्ये दोन पुरतात.

गेमबॉयची कॅसेट

माझ्याकडं जीबीएक्सकार्ट नावाचं छोटं यंत्र आहे. परदेशातून मागवावं लागलं, वर कस्टमचे पैसे भरावे लागले, पण आजवर त्यानं दगा दिलेला नाही. एका बाजूला कॅसेटची खाच, दुसरीकडं यूएसबी. कॉम्प्युटरवर फ्लॅशजीबीएक्स हा मोफत प्रोग्रॅम टाकायचा, तो विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. विंडोजला यंत्र दिसलंच नाही तर सीएच ३४० चा ड्रायव्हर टाकून बघा. आणि केबल तपासा. घरातल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही.

आता जरा थांबा आणि व्होल्टेज बघा. गेमबॉय आणि गेमबॉय कलरच्या कॅसेटला ५ व्होल्ट, ॲडव्हान्सला ३.३ व्होल्ट. माझ्या यंत्रावर त्यासाठी बारीक सरकबटण आहे, नव्या यंत्रांत ते आपोआप होतं. बटण असेल तर प्रत्येक कॅसेटच्या आधी डोळ्यांनी बघायचं. ॲडव्हान्सच्या कॅसेटला ५ व्होल्ट दिले तर चिप जळू शकते, आणि ती परत आणता येत नाही.

लॅपटॉपवर काम करा. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घ्या. वाचताना लाइट गेली तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण कॅसेटवर लिहिताना गेली तर सेव्ह अर्धवट राहते.

केबल काढलेली असताना कॅसेट खाचेत बसवा, मग केबल जोडा. प्रोग्रॅममध्ये गेमबॉय हा प्रकार निवडला की तो आधी कॅसेटची सुरुवात वाचतो. गेमबॉयच्या प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला निन्टेन्डोच्या बोधचिन्हाचे ४८ बाइट असतात, त्यानंतर गेमचं नाव, कॅसेटचा प्रकार, रॉमचा आकार, रॅमचा आकार. दादाच्या कॅसेटवर पडद्यावर 'पोकेमॉन ब्लू' असं स्वच्छ नाव आलं, रॉम १ एमबी, रॅम ३२ केबी. नावाच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसला, किंवा प्रोग्रॅम म्हणाला की सुरुवातीची बेरीज जुळत नाही, तर पुढं जाऊ नका. केबल काढा, कॅसेट काढा, परत पुसा, परत बसवा. मी एका कॅसेटला हे सहा वेळा केलं आहे. नाव नीट आल्याशिवाय दुसरं कुठलंही बटण दाबायचं नाही.

नाव आलं? आता 'बॅकअप सेव्ह डेटा'. रॉमचं बटण शेजारीच असतं आणि हात आधी तिकडं जातो, पण सेव्हच आधी. काही सेकंदांत फाइल तयार होते. ३२ केबी म्हणजे ३२,७६८ बाइट, आकार बरोबर तेवढाच आला पाहिजे. घड्याळवाल्या कॅसेटमध्ये घड्याळाचे आकडेही सोबत घेतले तर फाइल थोडी मोठी होते, त्यात वावगं काही नाही.

मग केबल काढा, कॅसेट बाहेर काढा, परत बसवा आणि सेव्ह दुसऱ्यांदा वाचा, वेगळ्या नावानं. हा भाग लोक टाळतात, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दलच. बाबा एक डिझाइन पंच करून झालं की ग्राफ आईच्या हातात द्यायचे. आई ओळीवरून घरं मोजत वाचायची, "तीन भरीव, एक रिकामं, पाच भरीव", आणि बाबा कार्डावरच्या भोकांवरून बोट फिरवायचे. एक भोक चुकलं तर त्या गाठोड्यातल्या प्रत्येक चादरीत त्याच जागी तोच धागा चुकणार, हे त्यांना माहीत होतं. आपल्याला मात्र ३२,७६८ बाइटवरून बोट फिरवायची गरज नाही. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए' मधून एसएचए-१ निवडा. ४० अक्षरांचा एक आकडा येईल. दोन्ही फाइलींचा आकडा तोच आला तर दोन्ही वाचनं तंतोतंत सारखी. एक बिट जरी वेगळा असला तरी आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. वेगळा आला तर साफसफाई आणि पुन्हा पहिल्यापासून.

दोन वाचनं सारखी आली तरी एक शंका उरते. पट्टीचा संपर्कच नसेल तर दोन्ही वेळा सारखाच कचरा येऊ शकतो. म्हणून फाइल एखाद्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा, मी एचएक्सडी वापरते. वरपासून खालपर्यंत नुसतं एफएफ एफएफ एफएफ किंवा नुसती शून्यं दिसली तर ती सेव्ह नाही. खऱ्या सेव्हमध्ये भरलेले पट्टे आणि मध्ये रिकामे पट्टे असे दोन्ही असतात, कपड्याच्या नमुन्यासारखे.

सेव्ह हातात आली की मग 'बॅकअप रॉम'. ब्लूला १०,४८,५७६ बाइट आले. रॉम वाचून झाल्यावर प्रोग्रॅम सगळ्या बाइटची बेरीज करून कॅसेटमध्येच नोंदलेल्या बेरजेशी ताडून बघतो. ती जुळली की या बाजूनं निश्चिंत. शिवाय नो-इन्ट्रो या गटानं जगभरच्या कॅसेटच्या बरोबर वाचनांचे आकडे नोंदवून ठेवलेत, त्याच्याशी तुमचा एसएचए-१ जुळवता येतो. सेव्हला असा कुठलाही बाहेरचा आकडा नसतो, तिची साक्ष तीच. दोनदा वाचा म्हणते ते त्यासाठी.

आता सेव्ह चालते का बघायचं, पण कॅसेटवर नाही. एमजीबीए हा इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम, गेमबॉय, कलर आणि ॲडव्हान्स तिन्हींचे गेम चालवतो. रॉम आणि सेव्ह एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावानं ठेवा, शेवटची अक्षरं तेवढी वेगळी. आणि मूळ सेव्ह इथं कधीही वापरू नका, तिची प्रत करून ती वापरा. गेममध्ये चुकून सेव्ह झालं तर इम्युलेटर त्याच फाइलवर लिहितो. मूळ फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रीड ओन्ली' वर खूण करून ठेवा.

पोकेमॉनमध्ये एकेक जिम जिंकून एकेक बॅज मिळवायचा असतो, असे आठ. इम्युलेटर सुरू करण्याआधी मी दादाला पुण्याला फोन लावला.

"दादा, ब्लूमध्ये तुझे बॅज किती झाले होते रे?"

"आता मध्येच कशाला विचारायलीस?"

"सांग की."

"सात. आठवा राहिला. बोर्डाच्या आधी आईनं गेमबॉय कपाटात टाकला ना."

"आणि उभा कुठं होतास?"

"बेटावर. सातव्या जिमच्या बाहेर." मग थोडं थांबून, "हुतात्मा आहे का गं अजून?"

हुतात्मा म्हणजे त्याचा जोल्टिऑन जातीचा पोकेमॉन. सगळ्यात वेगानं पळणारा म्हणून त्यानं पुण्याच्या गाडीचं नाव दिलं होतं. मी 'कंटिन्यू' वर गेले. बॅज ७. पोकेडेक्स ९३. वेळ १४१ तास १८ मिनिटं. आत गेले तर सिन्नबार बेटावर, जिमच्या दाराशी. आणि यादीत तिसऱ्या नंबरवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत हुतात्मा. मी ते आकडे वहीत लिहून ठेवले. तुम्हीही लिहा, पुढं लागतात.

मामाच्या पोत्यातल्या कॅसेट

इथं यंत्र वेगळं लागतं. मी कार्ट रीडर वापरते, साननीचा कार्ट रीडर म्हणून तो ओळखला जातो. त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे आणि आत आर्डुइनो मेगा २५६० हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसतो. मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींनी सोल्डरिंगचा हात बसावा म्हणून माझ्याबरोबर बसून तो जोडला. कॉम्प्युटर न लावताही तो कॅसेट वाचून थेट एसडी कार्डवर लिहितो. कार्ड फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं हवं. आपल्या कॅसेटसाठी फॅमिकॉमचा ६० पिनांचा जोड घ्या. व्होल्टेज इथंही ५.

गेमबॉयची कॅसेट स्वतःची ओळख स्वतः सांगते. फॅमिकॉमची सांगत नाही. तिच्यात सुरुवातीची नोंदच नसते, म्हणून आत काय आहे ते आपण यंत्राला सांगायचं: मॅपर कुठला, प्रोग्रॅमची रॉम किती, चित्रांची रॉम किती.

मॅपर म्हणजे काय, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कॅसेटचा प्रोग्रॅम बघायला ३२ केबीचीच खिडकी असते. सुपर मारिओ ब्रदर्स तेवढ्यात बसतो, ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं, बस्स. त्याला मॅपर ० म्हणतात, म्हणजे काही सरकवायचं नाही. कॉन्ट्रा मात्र १२८ केबीचा आहे, तो १६ केबीच्या आठ तुकड्यांत कापलेला असतो. खिडकीच्या अर्ध्या भागात शेवटचा तुकडा कायमचा, उरलेल्या अर्ध्यात लागेल तो तुकडा कॅसेटमधली सर्किट आणून ठेवते. हे आणून ठेवायचे शेकडो प्रकार आहेत आणि प्रत्येकाला नंबर आहे. कॉन्ट्राचा २.

एकेरी गेमची कॅसेट असेल तर गेमचं नाव शोधून नंबर आणि आकार मिळतात, ते यंत्रावर निवडा आणि वाचा. मारिओ ४०,९७६ बाइट आला पाहिजे: ४०,९६० गेमचे आणि वर १६ बाइटची नोंद, जी वाचताना यंत्र स्वतः जोडतं. कॉन्ट्रा १,३१,०८८. आकडे ताडताना या १६ बाइटची आठवण ठेवा. गेम बरोबर वाचला असूनही एसएचए-१ जुळत नाही असं झालं, तर बरेचदा फरक फक्त त्या नोंदीत असतो.

फाइल मेसेन नावाच्या इम्युलेटरमध्ये लावून बघा. पडदा नुसता राखाडी राहिला तर प्रोग्रॅमच्या बाजूच्या पट्ट्या किंवा मॅपर चुकलाय. गेम सुरू झाला, आवाज आला, पण मारिओच्या जागी तुकड्यांची गोधडी पळतेय, तर प्रोग्रॅम बरोबर आहे आणि चित्रांच्या पट्ट्या घाण आहेत. त्यावरून पट्टीचा कुठला भाग परत पुसायचा ते ठरवता येतं. कॉन्ट्रात चित्रांची वेगळी रॉम नसते, चित्रं प्रोग्रॅमच्या रॉममधूनच येतात, त्यामुळे त्याला हा नियम लागू नाही.

लेबलवर विश्वास ठेवू नका. मामाच्या पोत्यात '९९९९ इन १' लिहिलेल्या पाच कॅसेट निघाल्या. अशा कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असतात, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी, कुठं थेट तिसऱ्या लेव्हलपासून, कुठं तीस जीव देऊन. यांचा मॅपर लेबलवरून कळत नाही. कॅसेट उघडली तर आत साधी चौकोनी चिपही नसते, बोर्डावर काळ्या लाखेचा गोल थेंब असतो आणि त्याखाली सगळं झाकलेलं. यात सेल नसल्यामुळे उघडायला हरकत नाही. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बोर्डावर छापलेला नंबर लिहून घ्या, त्यावरून मॅपर सापडण्याची शक्यता असते.

आकाराचा अंदाज घ्यायची एक युक्ती सांगते. शंका असेल तर मोठा आकार निवडून वाचा, मग फाइल हेक्स एडिटरमध्ये अर्ध्यावर कापून दोन अर्ध्यांचे एसएचए-१ काढा. दोन्ही सारखे असतील तर बहुतेक वेळा खरी रॉम निम्म्याच आकाराची आहे, यंत्रानं तीच दोनदा वाचली. मग तो अर्धा परत कापून बघा. वेगळे येईपर्यंत कापत जायचं.

४१ पैकी ३३ कॅसेट माझ्या पूर्ण वाचून झाल्या. सहा अजून अडल्यात, दोन मेल्यात. अडलेल्या सहांना मी जास्त जपते. ब्लूची रॉम जगात लाखो ठिकाणी आहे, पण आपल्याकडच्या बाजारात आलेल्या या नकली कॅसेटचा मेनू, त्यातलं पार्श्वसंगीत, गेमची चुकीच्या स्पेलिंगची नावं कुणी नीट जपलेली नाहीत. तुमच्या माळ्यावर अशी असेल तर भंगारात देऊ नका, वाचता आली नाही तरी.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडं प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर आहे त्याला नुकसान होऊ नये म्हणून राखीव प्रत करायची मुभा आहे. ती स्वतःपुरती आहे. मी रॉमच्या फाइली कुणाला देत नाही, मागू नका. सेव्ह हवी तर जिची तिला देते.

ठेवायचं कसं

प्रत्येक कॅसेटचं एक फोल्डर: रॉम, सेव्हची दोन्ही वाचनं, लेबलचे फोटो आणि एक साधी मजकुराची फाइल. त्यात तारीख, कुठल्या यंत्रानं वाचलं, एसएचए-१, आणि कॅसेट कुणाची होती. शेवटचं विसरू नका. हे सगळं तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. माझी एक हार्ड डिस्क दादाकडं पुण्याला असते. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर डिस्क ठेवू नका, आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याखाली हात ठेववत नाही.

आणि आता सेल

सेव्ह दोनदा वाचली, इम्युलेटरमध्ये बघितली, तीन ठिकाणी ठेवली, मगच कॅसेट उघडा. निन्टेन्डोच्या कॅसेटला साधा स्क्रू नसतो, गेमबॉय आणि गेमबॉय कलरच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, ॲडव्हान्सच्या कॅसेटला तीन पात्यांचा. सेलवर नंबर छापलेला असतो, काहींत सीआर १६१६, काहींत सीआर २०२५. आहे तोच घ्या आणि पाय जोडलेलाच घ्या. सुट्या सेलवर थेट सोल्डर लावू नका, तापून फुटू शकतो. चिकटपट्टीनं बसवलेले सेलही मी पाहिलेत, कॅसेट खाली पडली की सेव्ह गेली. जुना काढण्याआधी अधिक-उणे बाजूंचा फोटो काढा. सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांच्या वर टेकवायचं नाही.

नवा सेल बसला की रॅममध्ये कचरा असतो. कॅसेट परत यंत्रात लावा आणि प्रोग्रॅममधून मूळ सेव्हची प्रत कॅसेटवर लिहा. लिहून झाल्यावर तीच सेव्ह परत वाचा आणि एसएचए-१ जुळवा. जुळला तरी काम झालं असं समजू नका, कारण आत्ता ती यंत्राच्या विजेवरही टिकली असेल. कॅसेट बाहेर काढून एक रात्र नुसती ठेवा.

दादा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आला तेव्हा मी ब्लूचा सेल बदलला. रात्री सेव्ह लिहिली आणि कॅसेट देवघराच्या फळीवर ठेवली. सकाळी त्यानं चहा बाजूला ठेवून गेमबॉयचं बटण सरकवलं. 'कंटिन्यू' आलं. मी वही उघडून बसले होते: ७, ९३, १४१ तास १८ मिनिटं. तिन्ही आकडे जुळले. दादानं हुतात्माला तिसऱ्या नंबरवरून पहिल्यावर घेतलं, जिमकडं पाठ केली आणि गेममधल्या पॅलेट गावाच्या दिशेनं पाण्यात उतरला.